डांबरगोळ्या, कसर आणि बाळाची झबली: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. तुमचं म्हणणं असं की तुमच्या आई चाळीस वर्षं ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायच्या आणि एकाही पैठणीला भोक पडलं नाही, मग मी या गोळ्यांबद्दल लोकांना उगाच का घाबरवते. आणि दुसरं, किडे लोकर-रेशीमच खातात म्हणता, मग माझ्या सुती साड्या कोणी कुरतडल्या?

आधी सुतीचं सांगते. ते काम पतंगाच्या अळीचं नाही, बहुतेक कसरीचं, ती चंदेरी, मागे तीन लांब केस असलेली, लाईट लावला की सुळकन फटीत शिरणारी. तिला पिष्ट आवडतं, त्यामुळे स्टार्च करून ठेवलेली साडी म्हणजे तिचं आयतं जेवण. साडी उजेडात धरून बघा, नुसती भोकंच नाही तर आजूबाजूला खरवडून पातळ झालेले चट्टे दिसले तर कसरच समजा. झुरळंही असंच करतात. बरेच दिवस नेसायची नसेल तर स्टार्च धुऊन काढा आणि खडखडीत वाळवूनच आत ठेवा.

लोकर-रेशमाचा शत्रू वेगळा. उडणारा पतंग काहीच खात नाही, खाते ती त्याची अळी, आणि लोकरीतलं केराटिन जे बहुतेक प्राण्यांना पचत नाही ते हिला पचतं. एक जात तर अंगाभोवती नळी विणून ती घेऊनच फिरते, नळीत कपड्याचेच धागे असतात, म्हणून मरून रंगाच्या शालीवर मरून रंगाची नळी पटकन दिसतच नाही, हात फिरवला की बारीक रवाळ लागतं ती तिची विष्ठा, तीही त्याच रंगाची! घामाची, तेलाची, जेवणाच्या डागाची जागा ती आधी धरते. म्हणून मी सारखं म्हणते की न धुता काही आत टाकू नका.

आता गोळ्या. त्यांतल्या नॅप्थलीनची वाफ कोंडून राहिली तरच किडा मरतो, पत्र्याच्या घट्ट ट्रंकेत ती कोंडते हे मला मान्यच आहे. पण आजच्या कपाटातून वास बेडरूमभर येतो, म्हणजे ती वाफ आपण घेतोय. आणि तुमच्या आई दरवर्षी साड्या बाहेर काढून वारा देत असणार, घड्या बदलत असणार, त्या पिढीत सगळ्याच करायच्या. अळीला अंधार आणि निवांतपणा लागतो, तो मोडला की तिचं फावत नाही, माझ्या मते पैठण्या वाचल्या त्या जास्त करून यामुळे.

घाबरवण्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. आपल्याकडे मोठ्या भावंडाची झबली, टोपडी, दुपटी गोळ्या घालून जपतात आणि तशीच नव्या बाळाला घालतात. ज्या बाळात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं त्याच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात, कावीळ इतकी वाढू शकते की जिवावर बेततं, आणि कोणत्या बाळात ते कमी आहे हे बघून कळत नाही. युरोपियन युनियनमध्ये २००८ पासून या गोळ्यांवर बंदी आहे. बाळाच्या कपड्यांत गोळी नकोच, अजिबात नको.

शालीला आत्ता अळी लागलीच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, अंड्यांसकट मरतं सगळं. पैठणीला मी हे करत नाही, तिला सावलीत वारा द्यायचा आणि मलमलीत गुंडाळायची. शालीची पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका हं, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पाणी धरून शाल दमट होते.