वेसाव्याची वलांडी म्हणजे पडीक जागा नव्हे

वर्सोव्याच्या, म्हणजे आमच्या वेसाव्याच्या, कोळीवाड्याबद्दल एक मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतोय. म्हणणं असं: ही मुळात झोपडपट्टी, किनाऱ्याची मोक्याची जागा नुसती पडून आहे, मासेमारी तर संपलीच, आणि कोळी प्रत्येक प्रकल्पाला आडवे येतात.

आधी झोपडपट्टीचं बघू. खाडीपलीकडे मढला पोर्तुगीजांचा किल्ला आहे. उभा मढला, पण ओळखतात वेसाव्याचा किल्ला म्हणून. मराठ्यांनी तो १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. अंधेरीत एकही टॉवर नव्हता, तेव्हाही वेसावे हे नाव असं माहीत होतं. गल्ल्या अरुंद आहेत, घरं खेटून आहेत, कबूल. पण दाटी झाली म्हणून गावाची झोपडपट्टी होत नाही. किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम ठरवणाऱ्या २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेतही मुंबईच्या कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद होती.

‘पडून असलेली जागा’ म्हणणाऱ्याने ती भर पावसात पाहिली असावी. उघडीप झाली की तिथे बांबू रोवून, दोर ताणून मासळी सुकवायची वलांडी उभी राहते. टोपलीतून दोन बोंबील उचलायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. बायकांचे हात हे इतक्या झपाट्याने करतात की नजर मागे पडते. खाली जवळा पसरलेला असतो, तो वरचेवर हलवावा लागतो. ऊन आणि वारा दोन्ही लागतात, म्हणून ही जागा उघडीच हवी. तिथे इमारत उठली तर सुकं म्हावरं सुकवायचं कुठे? ओला बोंबील दिवसभरही टिकत नाही. ज्या दिवशी भरपूर मिळतो, त्या दिवशी ही वलांडीच घर वाचवते.

मासळी घटली आहे, हे आमचे नाखवाच सगळ्यांच्या आधी सांगतात. पण खाडीत शहराचं सांडपाणी कोळ्यांनी सोडलेलं नाही. आणि घटली म्हणजे संपली नाही: भरती-ओहोटीच्या ओढीवर चालणारी डोल जाळी आजही लागतात.

राहिला विरोध. वरळीत कोस्टल रोडच्या पुलाखालून होड्या सुखरूप जाव्यात, म्हणून कोळ्यांनी खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं. आराखड्यात ते ६० मीटर होतं. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटर मान्य केलं. रस्ता झाला, होड्यांची वाटही राहिली.

हा मजकूर पुढे पाठवण्याआधी एकदा दिवाळीनंतर वेसाव्याला या. सकाळी या, वलांडी भरलेली असते.