सांधे वाकडे करून घेण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग

सकाळी उठल्यावर दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सारखेच सुजलेले दिसत असतील, मूठ वळायला तासभर लागत असेल आणि गणपतीच्या दिवशी मोदकाला कळ्या पाडताना बोटे ऐकेनाशी झाली असतील, तरी घाबरून डॉक्टर गाठण्याची चूक आपण करू नये. दमट हवा, लावणीचे पाणी, विहिरीचा रहाट आणि उतारवय अशी भरवशाची कारणे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत. पस्तिशीच्या सुनेला उतारवय कसे लागू पडेल, अशी शंका कोणी काढल्यास तिच्याकडे दुर्लक्ष करावे. ही लक्षणे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटण्याच्या आजाराची, असू शकतात; पण तो पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो आणि स्त्रीच्या दुखण्याने रांगेत शेवटी उभे राहावे हा तर आपल्या घरांचा शिरस्ताच आहे.

असे काही महिने गेले की मुंबईचा एखादा चाकरमानी पुतण्या सगळे आजार पोटातून सुरू होतात असे सांगणारा व्हिडिओ मोबाइलवर दाखवील. त्यावर निःशंक विश्वास ठेवावा, कारण त्यातले निम्मे खरे आहे आणि निम्म्या सत्याइतके सोयीचे दुसरे काही नसते. प्रतिकारशक्तीच्या पेशींचा मोठा हिस्सा आतड्याच्या आसपासच वस्तीला असतो. आतड्यातले जिवाणू अन्नातील तंतुमय भाग आंबवून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात, आणि ही आम्ले आतड्याचे अस्तर धड ठेवून उतावळ्या प्रतिकारशक्तीला आवर घालायला मदत करतात. 2013 साली न्यूयॉर्कमधील संशोधकांना उपचार सुरू न झालेल्या नव्या रुग्णांच्या आतड्यात प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू निरोगी माणसांपेक्षा अधिक वेळा आढळला होता. जिवाणूमुळे आजार होतो की आजारामुळे जिवाणू बदलतात, हे एवढ्याने ठरत नाही. ते आपण ओटीवर बसून ठरवून टाकावे.

पोट सुधारायचे एकदा ठरले की घरातले अन्न प्रथम बंद करावे. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, अळू, शेवग्याचा पाला, ताक यांत तंतू आणि जिवाणू असतीलही, परंतु जे परसात उगवते आणि आजी फुकट वाढते त्यात औषधी गुण असणे शक्य नाही. न्याहारीला चहात बुडवलेली खारी आणि बटर खावे, साध्या सर्दीलाही दुकानातून अँटिबायोटिक आणून जिवाणूंची वस्ती उठवावी, आणि मग तीच वस्ती पुन्हा बसवण्यासाठी ‘आतडी-शुद्धी’ची पावडर कुरियरने मागवावी. बिडी मात्र सोडू नये. या आजाराचा धोका धूम्रपानाने वाढतो हे पक्के ठाऊक असले, तरी पावडरीच्या डब्यावर तसे कोठे लिहिलेले असते?

कोणी रक्त तपासायला सांगितले तर माधवनिदान या आयुर्वेदातील जुन्या ग्रंथाकडे बोट दाखवावे. आमवात या सांधेदुखीच्या आजाराच्या वर्णनात तेथे मंदाग्नीचा, म्हणजे मंदावलेल्या पचनशक्तीचा, उल्लेख आहे, म्हणजे पूर्वजांना सर्व ठाऊक होते आणि म्हणून आपल्याला काहीच तपासण्याची गरज नाही. (माधवकरांनी निदानावर अख्खा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट येथे काढू नये.) अँटी-सीसीपी नावाची प्रतिपिंडे, म्हणजे रक्त तपासणीत दिसणारी या आजाराची खूण, सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीही रक्तात सापडू शकतात, ती तशीच सुखाने नांदू द्यावीत. हाडांची झीज पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि औषधाचा सर्वाधिक उपयोगही सुरुवातीलाच होतो, तेव्हा पोटशुद्धीसाठी नेमका हाच काळ राखून ठेवावा.

एवढे करूनही एखाद्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचे औषध लिहून दिलेच, तर त्यासोबतचे माहितीपत्रक घरातल्या सर्वांत भित्र्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, तिच्या जोडीला फॉलिक आम्ल, शिवाय ठरावीक काळाने यकृताची तपासणी. एवढी काळजी घ्यायला सांगणारे औषध घातकच असणार, हे उघड आहे. त्याऐवजी बाजाराच्या दिवशी येणाऱ्या बाबाची बिननावाची पुडी घ्यावी. संध्याकाळपर्यंत आराम पडतो, आणि त्यात स्टेरॉइड आहे काय असे विचारणे शिष्टाचाराला धरून नाही. चेहरा गोल झाला की अंगावर मांस धरले म्हणावे. साखर वाढली की आंब्याचा मोसम आहे म्हणावे.

पुढे बोटे करंगळीच्या बाजूला कलली आणि नारळ खवायला विळीवर बसणेही जमेनासे झाले, म्हणजे शहरातल्या संधिवाततज्ज्ञांकडे जाण्याची वेळ झाली असे समजावे. इतके दिवस काय केलेत, असे त्यांनी क्ष-किरणाचे चित्र उजेडात धरून विचारले, तर पावडरीचे रिकामे डबे सोबत असू द्यावेत. आणि निघण्यापूर्वी, आजवर डॉक्टरांना विचारायचा राहून गेलेला एकमेव प्रश्न म्हणून, सोलकढी चालेल का एवढे तेवढे विचारून घ्यावे.