आवाज बंद करून बघा, कोंबडा ऐकू येतो

काल रात्री पुन्हा 'नोसफेराटू' लावला. कितव्यांदा ते विचारू नका, घरात त्यावरून बोलणी खाऊन झाली आहेत. या वेळी आई शेजारी येऊन बसली. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "अरे, आवाज कुठं गेला?"

"आई, मूकपट आहे. १९२२ सालचा. जर्मन."

"मग पेटी-तबला तरी असेल की! आमच्या आजोबांनी पाहिलेले ते सिनेमे, पडद्यापुढं पेटीवाला बसायचा म्हणे."

आईचं बरोबरच होतं. ४ मार्च १९२२ ला बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या सभागृहात हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला, तेव्हा हान्स एर्डमाननं खास त्याच्यासाठी लिहिलेलं संगीत वाजलं होतं. त्यातलं बरंचसं हरवलं. त्यामुळे यूट्यूबवर ज्याला जे सुचेल ते तो या सिनेमाखाली चिकटवतो. मी पहिल्यांदा पाहिलेल्या कॉपीवर कुठल्याशा रॉक बँडचा धिंगाणा होता. शिवाय ती नुसती काळी-पांढरी होती, म्हणजे भर दुपारच्या उन्हात सिनेमातलं पिशाच्च, काउंट ऑरलॉक, स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गावच्या वेशीतून चाललाय! हॉस्टेलच्या खोलीत आम्ही पोट धरून हसलो होतो. त्या काळी रात्रीचं चित्रण दिवसाच करायचे आणि फिल्म निळ्या रंगात बुडवून रात्र करायचे, हे फार नंतर कळलं. निळी रंगछटा परत दिलेली कॉपी पाहिली तेव्हा हसू आलं नाही. तेव्हापासून मी हा सिनेमा आवाज बंद करून बघतो.

कारण माझं ठाम मत आहे की हा मूकपट ऐकण्याचा आहे.

एक प्रसंग सांगतो. हुटर नावाचा तरुण कारकून घराचं खरेदीखत घेऊन कार्पेथियन डोंगरातल्या किल्ल्यावर गेलाय. (सगळं संकट एका जागेच्या दलालापायी ओढवतं, हेही मला फार आवडतं. ऑरलॉकला हुटरच्या घरासमोरचीच पडीक इमारत विकत हवी आहे.) रात्री ऑरलॉक त्याच्या खोलीत शिरतो, बिछान्यावर सावली चढत जाते. त्याच क्षणी शेकडो मैलांवर, विसबोर्ग गावात, त्याची बायको एलेन झोपेतून दचकून उठते, हात पुढे पसरते आणि त्याच्या नावानं हाक मारते. पुढचं दृश्य किल्ल्यातलं. हुटरवर वाकलेला ऑरलॉक हळूच मान वळवून मागे बघतो.

त्यानं ती हाक ऐकली. सिनेमात आवाज नाही, मधे डोंगर-नद्या आहेत, आणि तरी त्यानं ऐकली, यात आपल्याला तिळमात्र शंका येत नाही. दोन तुकडे एकापुढे एक ठेवून दिग्दर्शक मुर्नाऊनं हे केलंय. आजच्या भयपटांत दार उघडलं की धाडकन वाजतं आणि आपण उडतो. उडणं म्हणजे घाबरणं नव्हे, गाडीचा हॉर्न वाजला तरी माणूस उडतोच.

ऑरलॉकचं काम करणाऱ्या माक्स श्रेकबद्दल काय लिहू? 'श्रेक' या शब्दाचा जर्मनमध्ये अर्थच धसका, आणि हे त्याचं खरं आडनाव. त्यामुळे हा नट खरोखरच पिशाच्च होता अशा वावड्या उठल्या. त्यावरही पुढे एक सिनेमा निघाला. प्रत्यक्षात तो रंगभूमीवरचा कसलेला नट. टक्कल, सशासारखे पुढचे दोन दात, वाढत जाणारी नखं. पुढच्या शंभर वर्षांत व्हॅम्पायर देखणे झाले, केस मागे फिरवून इंग्रजी झाडू लागले, कॉलेजात प्रेमात पडू लागले. हा मात्र उंदराच्या जवळचा. त्याच्याशी बोलणं होऊ शकत नाही, त्याचं मन वळवता येत नाही. येताना तो रोग घेऊन येतो.

आणि येतो तो खऱ्याखुऱ्या गल्लीत. या सिनेमाच्या दोनच वर्षं आधी 'कॅलिगारी' या जर्मन मूकपटानं वेडीवाकडी रंगवलेली घरं दाखवून नाव काढलं होतं. मुर्नाऊ कॅमेरा घेऊन बाहेर पडला: विस्मारचं बंदर, स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला, ल्युबेकमधली मीठ साठवायची जुनी गोदामं. ती गोदामं आजही उभी आहेत. जहाज बंदरात शिरतं ते दृश्य बघा. शिडं फुगलेली, डेकवर चिटपाखरू नाही, कप्तान सुकाणूला स्वतःला बांधून घेऊन मेलेला. जहाज पडद्याच्या कडेनं नुसतं सरकत आत येतं.

मग उंदीर. मग गावात ढोल वाजवत एक जण येतो, चौकात कागद वाचतो आणि भराभर खिडक्या बंद होतात. अहो, दवंडीच ती! कुणीतरी दारांवर खडूनं फुल्या मारत जातो, अरुंद गल्लीतून शवपेट्यांची रांग निघते. इथे आई सावरून बसली. तिच्या आजीकडून ऐकलेलं तिला आठवलं: घरात उंदीर पडला की कुलूप लावायचं आणि माळावर झोपड्या टाकून राहायला जायचं. हा सिनेमा ज्यावरून केलाय ती ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी लंडनला छापून आली १८९७ साली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगनं आणि रँडच्या सोजिरांनी घरं उपसली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या आता सुट्या होत नाहीत. मला स्वतःला तो ढोलवाला पाहून २०२० आठवतं. रिकामी गल्ली, रिक्षावरचा भोंगा, आणि आम्ही सगळे गजांआडून बघतोय.

सिनेमात सगळंच जमलंय असं नाही. 'बाहेर लांडगामानव फिरतोय' असं खानावळीत सांगतात आणि दाखवतात चक्क तरस! आपलं पट्टेवालं तरस. बिचारं घाबरून इकडं तिकडं बघतंय. हुटरचं काम करणाऱ्याचे हातवारेही असे, की तमाशातल्या सोंगाड्यानं 'जरा आवर' म्हणावं.

कादंबरीचे हक्क घ्यायचे मात्र राहिले. नावं बदलली, ड्रॅक्युलाचा ऑरलॉक केला, आणि तरी 'स्टोकरच्या कादंबरीवरून' असं श्रेयनामावलीत बिनधास्त छापलं! स्टोकरच्या विधवा पत्नीनं, फ्लॉरेन्सनं, खटला गुदरला. निर्मिती संस्थेचं नाव 'प्राना', म्हणजे आपला प्राण. तिचा कर्ताधर्ता आल्बिन ग्राऊ गूढविद्येच्या नादी होता, तिथून हे संस्कृत नाव आलं. पहिल्याच सिनेमात संस्थेचं दिवाळं वाजलं आणि प्राण गेला. १९२५ साली कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला, पण काही प्रती आधीच परदेशी पोचल्या होत्या, म्हणून सिनेमा वाचला. त्याच १९२५ साली बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' केला. सावकाराच्या तावडीत सापडून जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट, रक्तपिपासू म्हणावा तो हा सावकारच. तो मूकपट जाळा असं कुठल्या कोर्टानं सांगितलं नव्हतं. तरी आज बघायला मिळत नाही. हे लिहिताना दरवेळी चडफड होते.

असो. शेवटाकडे येतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथेच थांबावं, पण शंभर वर्षं झाली, आता काय लपवायचं?

एलेननं पोथी वाचली आहे. शुद्ध मनाच्या स्त्रीनं पिशाच्चाला पहिलं कोंबडं आरवेपर्यंत रोखून धरलं तर ते संपेल. ती नवऱ्याला प्रोफेसरांकडे पिटाळते आणि खिडकी उघडते. ("उघडू नको गं!" इति आई.) जिन्यावरून ती प्रसिद्ध सावली चढते. सावलीचा हात एलेनच्या छातीवर येतो आणि मूठ मिटते. मग बराच वेळ तो तिच्या गळ्याशी वाकलेला. आणि पडद्यावर कोंबडा.

लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद होता. आई म्हणाली, "आरवला."

ऑरलॉकनंही त्याच वेळी मान वर केली. मग समोरच्या छपरांवर ऊन, त्याचा छातीकडे गेलेला हात, आणि जमिनीवर थोडासा धूर. उन्हानं व्हॅम्पायर मरतो हे सगळ्या जगाला आज पाठ आहे ना? ते इथून आलं. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनात फिरतो आणि मरतो सुऱ्यांनी.

मी हे सगळं उत्साहानं आईला सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं. प्रोफेसरांना घेऊन धापा टाकत परतलेल्या हुटरकडे ती बघत होती.

"हा इतका वेळ कुठं होता?"

"मदत आणायला गेला होता."

"हं," म्हणाली, आणि दूध विरजायला उठली.