कीर्तनात प्रश्न विचारणारा नेता

नेतृत्वासाठी संवादकौशल्य शिकवणारी शिबिरं हल्ली गावोगाव भरतात. आवाज कसा लावायचा, हात कुठे ठेवायचे, समोरच्याच्या डोळ्यांत कसं बघायचं हे सगळं तिथे शिकवतात. शिकवावं, उपयोग होतो. पण मी पाहिलेल्या एकाही शिबिरात गाडगेबाबांचं नाव निघालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परटाच्या घरी जन्मलेला हा माणूस. ना शाळा, ना पद, ना पक्ष. तरी त्यांचं ऐकायला गावंच्या गावं लोटत.

गावात आले की बाबा आधी खराटा हातात घेत. दिवसा रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन. त्यामुळे कीर्तनाला उभे राहिले की ओळख करून द्यायची गरजच उरत नसे. लोकांनी त्यांना राबताना पाहिलेलं असे.

आणि कीर्तनात काय, तर प्रश्न. साध्या वऱ्हाडीत. कर्ज काढून सण करावा का? देवापुढे बकरं कापावं का? पोराला शाळेत घालायचं की नाही? उत्तर समोरच्यांनी मोठ्यानं द्यायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत आपल्याच तोंडून निघालेलं उत्तर दुसऱ्या दिवशी मोडणं जड जातं. वक्त्यानं कितीही घसा फोडून सांगितलं तरी हे साधत नाही.

मध्येच ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’चा गजर. मला तर यातच त्यांचं खरं मोठेपण दिसतं. एखादी गोष्ट ऐकणाऱ्या कुणाच्या जिव्हारी लागली तरी तो लगेच सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत गाऊ लागे. बोलणं झोंबायचं, पण कुणी एकटा पडायचा नाही. चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा केला की तो सुधारत नाही, हट्टाला पेटतो. आपल्या बैठकांमध्ये नेमकं हेच होतं.

दारू आणि कर्ज हे त्यांचे कायमचे विषय. वडील दारूपायी गेले होते, मामाची शेती सावकारानं गिळली होती. सांगणाऱ्याला ती झळ बसलेली आहे, हे ऐकणाऱ्याला कळतंच. पुढे लोकांनी विश्वासानं दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबांनी स्वतःसाठी मात्र झोपडीही बांधली नाही. १९५६ साली ते गेले तेव्हाही अंगावर चिंध्याच होत्या.

सरपंच, मुख्याध्यापक, बचतगटाच्या अध्यक्ष, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या सभेत भाषण निम्मं करा. पाणीपट्टी थकली असेल तर थकबाकीदारांची नावं वाचू नका. टाकी महिनाभर चालवायला किती खर्च येतो आणि जमा किती होते, ते फळ्यावर लिहा. मग विचारा, आता काय करायचं? आणि उत्तर येईपर्यंत थांबा. सुरुवातीला कुणीच बोलणार नाही. तरीही थांबा.