मुका मार, बोलकी बरगडी

बरगडी मोडली आहे की नुसता मुका मार लागलाय, एवढं ठरवायला जी माणसं डॉक्टर गाठतात, त्यांच्या घरात माणसं नसावीत असा माझा समज आहे. घरात चार जण, शेजारी अण्णांसारखे अनुभवी गृहस्थ आणि व्हॉट्सॲपवर अख्खं गोत असताना असल्या किरकोळ गोष्टीसाठी रिक्षाभाडं का घालवायचं? तेव्हा नीट वाचा. पुढची पद्धत मी स्वतःच्या डाव्या कुशीवर वापरून पाहिलेली आहे.

आधी पडून घ्या. पाण्यानं भरलेला खड्डा, न्हाणीघरातली बुळबुळीत फरशी, दहीहंडीचा वरचा थर, काहीही चालतं. वय झालं असेल आणि हाडं ठिसूळ असतील तर पडण्याचेही कष्ट नकोत. लांबलेला दणदणीत खोकलासुद्धा बरगडीला तडा देऊ शकतो. मी खड्डा निवडला. स्कूटर खड्ड्यात थांबली, मी थांबलो नाही, आणि हँडलचं टोक कुशीत रुतलं. अशा वेळी पहिलं काम म्हणजे ताबडतोब उठून जमलेल्या लोकांना "काही नाही, काही नाही" असं सांगणं. काय झालंय हे तुम्हालाही ठाऊक नसतं, पण लोकांना कामं असतात. बोलण्यापुरता श्वास येत नसेल तर हातानं खूण केली तरी भागतं.

घरी आलात की तपासणी सुरू होते. घरातल्या प्रत्येकानं "इथं दुखतं का? आणि इथं?" करत एकेकदा दाबून बघायचं असतं, वगळलं तर माणसं दुखावतात. डॉक्टरही दाबतातच म्हणा. ते छातीच्या मधल्या हाडावर अलगद दाब देतात आणि दाब समोर असून कळ लांब कुशीत उठली, तर तिथं तडा असल्याचा त्यांना संशय येतो. कधी बोटाखाली बारीक करकर लागते. आमच्या मेहुण्यानं हे कुठंतरी वाचलं होतं. त्यानं अलगद हा शब्द सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं आणि मला कणकेसारखं तिंबलं. मी ओरडलो. "बघा दाजी, मोडलीय!" तो म्हणाला.

अण्णांना हे मान्य नव्हतं. "अरे, मोडली असती तर असा बसून चहा प्यायला असतास का तू?" हा त्यांचा सिद्धांत. बोटं हलतात म्हणजे हात मोडलेला नाही, या आपल्या राष्ट्रीय सिद्धांताचाच हा बरगडी विभाग. चहाचा आणि बरगडीचा संबंध मला अजून सापडलेला नाही, पण त्या क्षणी घोट घेताना मलाही जरा ओशाळल्यासारखं झालं. दोघांची पैज लागली. हरणाऱ्यानं सगळ्यांना मिसळ खिलवायची.

मग खोकून बघा. हसून बघा. शिंक यायची वाट बघा. मोडली असेल तर शिंकताना ब्रह्मांड आठवतं. मोडली नसेल तरीही ब्रह्मांडच आठवतं. बरगड्या बारा जोड्या, म्हणजे चोवीस, आणि मिनिटाला बारा ते वीस श्वास धरले तर या भात्याला रात्रीही सुट्टी नाही. दोन बरगड्यांमधले स्नायू ठेचले गेले असले तरी तेच ओढले जातात, आणि प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला चिकटून जाणारी नस हाड शाबूत आहे की नाही याची चौकशी करत बसत नाही. ज्यानं या माराला मुका म्हटलं, त्याला तो लागला नसावा. निकाल लागेना म्हटल्यावर आत्यानं "उसण भरली असेल" असा तिसरा पक्ष काढला आणि आंबेहळदीचा लेप आणला. लेपानं सदरा पिवळा झाला.

शेवटी फोटो काढलाच. तुम्हीही काढा, वाद मिटवायला नव्हे, वाढवायला. १८९५ साली रोंटगेननं क्ष-किरण शोधले तेव्हापासून आपली अशी श्रद्धा आहे की फोटोत नाही म्हणजे जगात नाही. प्रत्यक्षात छातीच्या साध्या फोटोत बरगडीचे तडे निम्म्यापर्यंतसुद्धा निसटू शकतात. पुढच्या बाजूची कूर्चा, म्हणजे बरगडीच्या टोकाचा लवचिक भाग, तर दिसतच नाही. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "फुप्फुस छान आहे." मी फुप्फुसाबद्दल विचारलंच नव्हतं. "मोडलीय का पण?" यावर ते म्हणाले, "असेलही. औषध तेच." एवढ्या शिकलेल्या माणसानं पैजेचा असा विचका करावा!

म्हणून सांगतो, मोडली आणि ठेचली यांतला खरा फरक वैद्यकीय नाहीच, सामाजिक आहे. 'फ्रॅक्चर' या शब्दाला वजन आहे. फ्रॅक्चर झालेल्याला शहाळं मिळतं, टीव्हीचा रिमोट मिळतो, आणि साहेब स्वतः फोन करून "काळजी घ्या" म्हणतात. मुका मारवाल्याला गॅसचा सिलिंडर आत घ्यायला सांगतात. हातापायाचं एक बरं असतं, प्लास्टर दिसतं, त्यावर पोरं सह्या करतात. बरगडीला प्लास्टर घालता येत नाही, त्यामुळे मोडली तरी पुरावा शून्य. यासाठी 'हेअरलाइन', म्हणजे केसाएवढा तडा, हा शब्द जवळ बाळगा. तो फोटोत दिसायलाच हवा असं नसतं, आणि ऐकणाऱ्याला इंग्रजीमुळे खरा वाटतो. मी तो वापरला आणि सिलिंडर दोन वेळा टळला.

उपचारांत मात्र घट्ट पट्टा विसरू नका. क्रेप बँडेज काखेपासून बेंबीपर्यंत असं आवळा की श्वास अर्ध्यावरून परत फिरला पाहिजे. एके काळी डॉक्टरही छाती चिकटपट्ट्यांनी बांधायचे. हल्ली त्यांनी ते सोडलं, कारण म्हणे खोल श्वास घेतला नाही की कफ साचतो आणि बरगडीचं दुखणं न्यूमोनियावर जातं. उलट ते श्वासानं तीन चेंडू उचलायचं ते प्लॅस्टिकचं खेळणं हातात देतात, कोविडनंतर घरोघरी माळ्यावर पडलेलं, आणि दर तासाला दहा श्वास ओढायला लावतात. खोकताना उशी कुशीशी घट्ट धरा म्हणतात. आणि वेदनाशामक गोळी अंगावर न काढता वेळेवर घ्या, कारण दुखत राहिलं तर माणूस श्वास चोरतो. आपल्याकडे गोळी न घेणं हा संस्कार आहे आणि उशी धरून खोकणं हे नाटक. आमच्याकडे उशी बघून धाकटी "बाबांना बाळ झालं" म्हणाली. मी हसलो. हसायला नको होतं.

आता थोडं बैठकीत न बोलायचं. घाव खालच्या बरगड्यांवर असेल तर डाव्या बाजूला मागे प्लीहा असते, जिला आजी पाणथरी म्हणायची, आणि उजवीकडे यकृत. या दोघांना इजा झाली तर रक्त आतल्या आत वाहतं. त्या बाजूचा खांदा उगीचच दुखायला लागतो, पोट दुखतं, चक्कर येते, घाम फुटतो. वरच्या बाजूला धाप लागणं, ओठ निळे पडणं, थुंकीत रक्त, पुढे ताप. लागोपाठच्या तीन किंवा जास्त बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या तर छातीचा तेवढा तुकडा श्वास आत घेताना बाहेर येण्याऐवजी आत जातो. पासष्टी ओलांडलेल्यांना दोन-तीन बरगड्याही महागात पडतात. यातलं एकही लक्षण दिसलं तर थेट इस्पितळ गाठायचं असतं, तेही रात्र असली तरी. पण हे सगळं काढू नका. मोडली की नाही हा प्रश्नच मग कुणी विचारत नाही, आणि पैज राहते बाजूला. आमच्या बैठकीत तीन तास चर्चा झाली, खांदा दुखतोय का हे मला एकानंही विचारलं नाही.

निकाल लागला पाचव्या आठवड्यात, तोही योगायोगानं. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत छातीचा फोटो निघाला आणि आठव्या बरगडीवर नव्या हाडाची गाठ दिसली. म्हणजे मोडली होती, आणि कुणालाही न विचारता जुळतही आली होती. बरगडी साधारण सहा आठवड्यांत सांधते. हाडानं आपलं काम वेळेवर केलं होतं. मेहुण्यानं फोटो ग्रुपवर टाकला. अण्णांनी बराच वेळ झूम करून पाहिला आणि "तेव्हा नव्हती, नंतर मोडली असेल" म्हणाले, पण रविवारी मिसळीला घेऊन गेले.

तर्री अस्सल होती. पहिल्याच घासाला ठसका लागला. उशी घरी राहिली होती.