कृपया एकच घ्या

ऑक्टोबर उजाडला की आमच्या ब्लॉकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो: "या वर्षी हॅलोविन अगदी साधंच करू या, नाही का?" खाली तेहतीस लाल बदाम. तुम्ही इथे नवे असाल तर हे खरं मानाल आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून एक भोपळा आणून पायरीवर ठेवून मोकळे व्हाल. मी तेच केलं होतं. त्याच संध्याकाळी समोरच्या घरी बारा फुटी सांगाडा उतरला. तो उभा करायला तीन माणसं आणि एक शिडी लागली, आणि त्या तिघांनीही सकाळी बदाम टाकले होते.

तेव्हा अमेरिकेत न्यू यॉर्कशेजारच्या जर्सी सिटीत, हॅमिल्टन पार्कच्या आसपास लहान मुलं घेऊन राहायला येणार असाल तर दोन शब्द ऐकून ठेवा. ही वस्ती म्हणजे भिंतीला भिंत लागलेली विटांची जुनी घरं. प्रत्येकापुढे रस्त्यावर उतरणाऱ्या आठ-दहा पायऱ्या, त्यांना स्टूप म्हणायचं. चाळीच्या गॅलरीत जे जे चालायचं ते सगळं इथे स्टूपवर चालतं, फक्त आवाज न चढवता. कोणी रिसायकलिंगच्या डब्यात पिझ्झाचा तेलकट खोका टाकला, हे दुपारपर्यंत सर्वांना ठाऊक असतं. अशा ठिकाणी ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, पोरं सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात तेव्हा, तुमची मुलं काय घालतात आणि तुम्ही दारात काय वाटता, यावर पुढच्या वर्षभराची पत ठरते.

भोपळा दुकानातून आणायचा नसतो, शेतावरून आणायचा असतो. तास-दीड तास गाडी हाका, शेतात शिरायचं तिकीट काढा, गवताच्या पेंढ्यांवर मुलांना बसवून फोटो काढा, आणि मग तोच भोपळा दुप्पट भावाने घ्या. मुलांना निसर्ग कळतो. आमच्या धाकट्याला चिखल कळला.

घरी आल्यावर भोपळ्याला डोळे-तोंड कोरायचा कार्यक्रम, आणि तिथे आजी आडवी येते. आजी म्हणजे तुमची आई किंवा सासू, जी कोणी या सहा महिन्यांच्या पाळीवर आली असेल ती. तुम्ही सुरी उचललीत की ती म्हणणार, "थांब गं, बाईमाणसानं भोपळ्याला पहिली सुरी लावू नये. त्याला बोलाव." नवरा कॉलवर असतो. स्वतःला म्यूट करून तो येतो, भोपळ्यात सुरी खुपसतो आणि कानातल्या बॉसला मान डोलावत परत जातो. धर्म राहिला, आता पुढचे दोन तास तुमचे. देठासकट वरची चकती उचलायची आणि कोपरापर्यंत हात आत घालायचा. आत गार, बुळबुळीत, केसाळ. धागे बोटांना वेढे घालतात, बिया मुठीतून सुळकन निसटतात, थोरली "ईऽऽ" करून पळते ती थेट मेणबत्ती लावायच्या वेळीच परत येते. कागदावर पडलेला तो केशरी ढीग पाहून आजी विचारणार, "याचे घारगे करू?" करू देऊ नका. कोरायचा भोपळा दिसायला थोर आणि चवीला पाणचट. आमच्याकडे केले होते. तीन दिवस डब्यात एकाही घारग्याने जागा बदलली नाही.

आणि फार आधी कोरूही नका. पायरीवर ठेवलेला भोपळा इथल्या खारी डोळ्यांपासून खायला घेतात. रामाच्या सेतूला वाळू वाहणारी ती हीच का, असं आजीनं मला दोनदा विचारलं. पण एक आहे, खारीनं हात फिरवल्यावर तो पहिल्यांदाच खरोखर भयानक दिसतो.

कधीतरी पलीकडच्या स्टूपवरची बाई डोकं तिरकं करून विचारेल, "तुमच्या संस्कृतीतही असं काही असतं का?" अशा वेळी प्रामाणिक होऊ नका. आमच्याकडचे मेलेले महिनाभर आधीच येतात, तिथी ठरवून येतात, दुपारी खीर-वडे जेवतात आणि जातात, हे सांगितलंत तर ती कावळ्यापर्यंत चौकशी करत बसेल. होळीला पोरं घरोघर लाकडं मागत आणि न दिल्यास खुर्ची पळवत, तेही नको. तिळगूळ सांगा. गोड आहे, निरुपद्रवी आहे, आणि 'गोड बोला' म्हटलं की ती हळवी होते. बदल्यात ती तुम्हाला सांगेल की हे मूळचं आयर्लंडचं, तिथे सलगम कोरत, १९व्या शतकात आयरिश माणसं बोटीने इकडे आली आणि त्यांना सलगमाऐवजी भोपळा सापडला. हे ती दर वर्षी सांगते. दर वर्षी चकित व्हा.

सण हलका समजू नका, सरकारनेही समजलेला नाही. २०१२ साली २९ ऑक्टोबरला सँडी वादळ आलं, हडसनचं पाणी या गल्ल्यांत शिरलं, वीज गेली. तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी रीतसर आदेश काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरवर ढकललं. अधिक मास शोधून काढणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही भुतांना मुदतवाढ द्यायचं सुचलं नव्हतं.

दिवाळीशी टक्कर झाली तर मात्र डोकं शांत ठेवा. २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली. पहाटे अभ्यंगस्नान झालं. कारीट इथे कुठलं मिळायला, म्हणून काकडीचा तुकडा डाव्या अंगठ्याखाली चिरडला. नरकासुर मेला. संध्याकाळी त्याच दारात आम्ही सव्वाशे राक्षसांना चॉकलेटं वाटली. लक्ष्मीपूजन ३१ला की १ला यावरून तिकडे पंचांगवाल्यांची जुंपली होती, इकडे आमच्या घरात आकाशकंदील आधी की कोळ्याचं जाळं आधी यावरून. शेवटी कंदील जाळ्यात लावला. तीन जणांनी कुठून घेतला म्हणून विचारलं.

आता पोशाख. विकत आणलेला पोशाख म्हणजे आईबापांना मुलांसाठी वेळ नाही असं इथे धरतात, तेव्हा घरीच करा. सहा वर्षांच्या मुलीला विचारा, "तुला काय व्हायचंय?" राजकन्या म्हणाली असती तर निभावलं असतं. आमची म्हणाली, "कचऱ्याचा ट्रक." दोन शनिवार-रविवार गेले. खोके, चंदेरी टेप, मागचा जबडा दोरीने उघडमीट करणारा, आत चुरगळलेले खरे कागद. ग्रुपवर फोटो टाकला, बदाम आले, माझं अंग मूठभर चढलं. ३१ तारखेला दुपारी साडेचारला ती शाळेतून आली, ट्रककडे पाहिलं आणि म्हणाली, "मला मांजर व्हायचंय."

ओरडू नका, खिडक्या उघड्या असतात. काजळ घ्या, सहा मिश्या काढा.

शाळेचं पत्र आधीच आलेलं असतं: शस्त्रं नकोत, रक्त नको, कोणाच्या संस्कृतीची टिंगल नको, आणि कृपया भीतिदायक काही नको. त्यामुळे वर्गात चार ॲव्होकाडो, दोन टॅको आणि एक वॉशिंग मशीन असतं. त्यात संध्याकाळी थंडी पडते आणि प्रत्येक आई त्या पोशाखावर जाड जाकीट चढवते. मग रस्त्यावरून चाललेली सगळी पोरं एकाच गोष्टीच्या वेषात असतात, ती म्हणजे जाकीट. तीन वर्षांच्याला भोपळा करा. तो गोल असतोच. आजी खूश होते आणि "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" सुरू करते. ते चार दिवस थांबत नाही.

आजीला एक शंका येणारच: "पोरांना दारोदार मागायला पाठवायचं? आपलं बरं चाललंय ना?" तिला समजावताना इतिहासात शिरू नका. मी शिरले. म्हटलं, पूर्वी न्यू यॉर्कमध्ये मुलं नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला फाटके कपडे घालून घरोघर काहीबाही मागत, त्यांना रॅगमफिन म्हणायचे, शेजारच्या होबोकनमध्ये आजही हॅलोविनच्या मिरवणुकीचं नाव रॅगमफिन परेड आहे. आजी शांतपणे म्हणाली, "म्हणजे भीकच."

खाऊचं गणित चुकवू नका. छोट्या चॉकलेटांना इथे 'फन साइझ' म्हणतात, कारण फन कंपनीला होते. मोठं, अख्खं स्निकर्स देणारी घरं ब्लॉकवर दोनच, आणि गल्लीतलं प्रत्येक पोर ती झोपेतही दाखवील. तिसरं घर व्हायचा मोह होईल. एकदा झालात की दर वर्षी व्हावं लागतं, घर विकेपर्यंत. एक निळसर-हिरवा भोपळाही ठेवा. त्याचा अर्थ इथे शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी खाण्याऐवजी खेळणं मिळेल. ही पद्धत खरोखर चांगली आहे, म्हणून तिच्यावर विनोद करणार नाही. फक्त तो भोपळा कोणाचा जास्त मोठा, ही स्पर्धा मी पाहिलेली आहे.

खरा पेच बाहेरच्या मुलांचा. ३० तारखेच्या रात्री ग्रुपवर नाजूक भाषेतला मेसेज येईल: गेल्या वर्षी "आपल्या भागातली नसलेली" पुष्कळ मुलं आली, काही तर ट्रेनने, सव्वासातलाच खाऊ संपला, आपल्या मुलांना उरलं नाही, तर काय करता येईल? हा मेसेज लिहिणाऱ्याच्या खिडकीत 'इथे द्वेषाला थारा नाही' अशी पाटी आहे, सहा भाषांत. तुम्ही स्वतः ऑगस्टात इथे आलात हे अशा वेळी आठवू नका. घराचे हप्ते सुरू झाले की माणूस जन्मापासूनचा इथला असतो. उपाय सर्वमान्य आहे: पायरीवर परात ठेवा, त्यावर 'कृपया एकच घ्या' अशी चिठ्ठी, आणि दारावरच्या बेलच्या कॅमेऱ्यातून आत बसून फोनवर पाहत राहा की कोण दोन घेतंय. आपल्या दारात आलेल्या देवदूताच्या पोशाखातल्या चोराला पकडण्याची मजा काही औरच.

आजीला मात्र परातीपाशी बसू देऊ नका. मी बसू दिलं. खुर्चीवर शाल, सुती साडीवर पुरुषी स्वेटर, कानटोपी, मोज्यांवर चपला. पहिल्या मुलानं एक उचललं तर हिनं त्याचा हात धरून मूठ भरली. "एवढंसंच? घरी कोण आहे अजून? बहीण आहे? तिलाही घे." सगळं मराठीत, आणि सगळ्यांना कळत होतं. सोंग न घेता आलेला, ओठावर मिसरूड फुटलेला लांबोडा पोरगा पलीकडच्या बाईने परतवला होता. आजीनं त्याला चार दिली, "वाढीचं वय आहे." वाघाच्या पोशाखातलं एक पिल्लू गुरगुरलं तेव्हा ती हात जोडून म्हणाली, "आत्ता नको रे बाबा, लेकीकडे जाते, लठ्ठ होते, मग मला खा." वाघाची आई हसून माझ्याकडे वळली, "तुमच्या आईंचा कॉस्च्युम फारच सुंदर आहे." मी आभार मानले. तुम्हीही माना. खुलासा करायला संध्याकाळ पुरत नाही.

मुलं परतली की झोळी जेवणाच्या टेबलावर उपडी करायची आणि बापाने तपासणीला बसायचं. विषारी गोळ्यांची धास्ती इथे फार जुनी. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या चाळल्या, पण अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतून विष जाऊन मूल दगावल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एक मुलगा सायनाइडने गेला, ते त्याला त्याच्या बापानेच दिलं होतं. तेव्हा खरी तपासणी टेबलाशी बसलेल्याची व्हायला हवी. धोका असेल तर तो रस्त्यात आहे: ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पादचारी गाडीखाली येऊन मरण्याचं प्रमाण एरवीपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त भरतं, असं २०१९ साली छापून आलं. पण चौकात जाऊन गाड्या थोपवत कोण उभं राहणार? घरात बसून रीसेसची पीनट बटर भरलेली चॉकलेटं हुंगणं सोयीचं. संशयित माल मुलांना द्यायचा नाही, स्वतः खायचा. आमच्याकडे संशय मुख्यतः डार्क चॉकलेटवर येतो. कँडी कॉर्न नावाच्या साखरेच्या रंगीत दाण्यांवर कधीच आला नाही.

साडेआठला परात रिकामी होते. सरळ दरवाजावरचा दिवा बंद करा. दिवा बंद म्हणजे खाऊ संपला, हा इथला अलिखित करार. उरलेली मोठी स्निकर्स (मुलांसाठी म्हणून बाजूला काढलेली, तीनच) घेऊन स्वयंपाकघरात अंधारात जमिनीवर बसा, खिडकीच्या उंचीच्या खाली. थोरली मिश्यांसकट सोफ्यावर झोपलेली असते. धाकटा वर आजीपाशी असावा.

बेल वाजते. वेष्टन कुरकुरवू नका, श्वास धरा. पुन्हा वाजते. नवऱ्याला फोनचा उजेड कमी करायला सांगा आणि कॅमेरा बघा.

कॅमेऱ्यात कानटोपी दिसते. तिच्या कडेवर एक भोपळा, अर्धवट झोपलेला. खांद्याला भाजीची कापडी पिशवी, ती टम्म फुगलेली. "अगं उघड ना, गारठा किती पडलाय. कोपऱ्यापर्यंतच जाऊन आलो. याला देत होते ते देत होते, मलाही देत सुटले. मी म्हटलं मी कोणी नाही हो, याची आजी. ऐकतच नाहीत." ती पिशवी कॅमेऱ्यापुढे धरते. वरच्या वर पाच अख्खी स्निकर्स मोजता येतात.

उठा, दार उघडा. दिवा लावू नका.