खुलासा: तंटामुक्ती समिती म्हणजे कोर्ट नव्हे

आपल्या भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'गावात कुठलाही गुन्हा घडला तर आधी तंटामुक्ती समितीकडे जाणं सक्तीचं, समिती दंड लावू शकते, आणि समितीपुढे मिटलं की पोलीस केस होऊच शकत नाही.' यातलं काहीच खरं नाही.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्य सरकारने 15 ऑगस्ट 2007 ला सुरू केली. समिती नेमते ती ग्रामसभा. तिचं काम समेट घडवण्याचं. तोही दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने.

मिटवता काय येतं? किरकोळ मारहाण, बांधावरून झालेली शिवीगाळ, दुसऱ्याच्या शेतात घुसून केलेली नासधूस. असे तडजोडीचे गुन्हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये दिले आहेत. शेजाऱ्याने तोडलेलं कुंपण स्वतः उभं करून दिलं आणि माफी मागितली, तर वर्षानुवर्षं तारखांना जाण्यापेक्षा ते कधीही बरं, असं माझंही मत. पण गुन्हा आधीच नोंदलेला असेल, तर तडजोड कोर्टापुढे मांडावीच लागते.

खून, बलात्कार, अ‍ॅट्रॉसिटी हे समितीचे विषयच नाहीत. दंडाचा अधिकार तिला नाही. कुणाला वाळीत टाकलं तर 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारदार थेट पोलीस ठाण्यात जाऊ शकतो. तिथे दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात, अशा गुन्ह्याची) नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते.

तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.